‘मला काही नको’ हे मुलींना कोण शिकवतं?

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला निबंध दिला होता. विषय नेहमीचाच, ‘माझे घर’. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दूतून शिकतात, मराठी त्यानंतर येते. त्यामुळे वह्या तपासताना माझं लक्ष मजकुरापेक्षा काना-मात्रा-वेलांटीकडेच जास्त असतं.

एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमचे घर दोन खोल्यांचे आहे. दारात पेरूचे झाड आहे. हे घर माझ्या भावाचे आहे. माझे लग्न झाल्यावर मी इथे पाहूणी म्हणून येईन.’

मी लाल पेनाने ‘पाहूणी’चं ‘पाहुणी’ केलं, दहापैकी सात गुण दिले आणि पुढची वही घेतली.

रात्री भांडी आवरताना ते वाक्य पुन्हा आठवलं. त्या मुलीचा भाऊ आमच्याच शाळेत तिसरीत आहे. नऊ वर्षांचा मुलगा घराचा मालक, आणि त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण पाहुणी! दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. मुलांनी लिहिलं होतं, ‘मी मोठा झालो की वर मजला चढवणार’, ‘पुढे दुकान काढणार’. मुलींनी घर कसं झाडतात, सणाला कसं सजवतात, कपाट कसं लावतात हे फार छान लिहिलं होतं. पण पुढे या घराचं मी काय करणार, हे एकीनेही लिहिलं नव्हतं. निबंधाच्या विषयात ‘माझे’ हा शब्द होता. मुलांनी तो जसाच्या तसा घेतला, मुलींनी नाही.

आणि मला माझी सही आठवली.

ती सही

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, दोन भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी. दोन-अडीच महिन्यांनी मोठ्या भाईजानचा फोन आला, ‘सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात यायचं आहे, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या.’ शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी गेले. वकिलांनी हक्कसोडपत्र तयार ठेवलं होतं. आम्ही तिघींनी सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढले. सगळं मिळून तासाभराचं काम.

मी पदवीधर, बी.एड. झालेली. ‘न वाचता कुठेही सही करू नका’ असं मुलांना दर वर्षी सांगते. तो कागद मी वाचला नाही. वकिलांनी ‘तुमची संमती आहे ना?’ असं रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘हो हो, मला काही नको.’ घरी आल्यावर भाभींनी बिर्याणी केली होती. अम्मीने डोक्यावरून हात फिरवला. फूफी म्हणाल्या, ‘माझ्या भाच्यांचं मन किती मोठं आहे.’ मला त्या दिवशी खरोखरच बरं वाटलं.

मला कुणी धमकावलं नव्हतं, की फसवलंही नव्हतं. माझे भाऊ वाईट नाहीत, आजही अडीनडीला धावून येतात. म्हणूनच हा प्रश्न मला जास्त छळतो. कुणी जबरदस्ती केली नसताना ते वाक्य माझ्या तोंडी आलं कुठून?

निसर्गाने दिलेलं आणि आपण घडवलेलं

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला दोन शब्द शिकवले होते, ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’. लिंग म्हणजे अल्लाहने दिलेली शरीररचना. बाळाला जन्म देणं, दूध पाजणं हे स्त्रीच्या शरीराशी जोडलेलं आहे. ते कुणी बदलू शकत नाही आणि बदलायचं कारणही नाही. लिंगभाव म्हणजे त्या शरीरावर आपण माणसांनी चढवलेले नियम. पाहुणे आले की पाणी कुणी आणायचं, जेवायला आधी कुणी बसायचं, मोठ्याने कुणी हसायचं, पैशाचा विषय निघाला की खोलीतून उठून कुणी जायचं, हे शरीरात लिहिलेलं नसतं. ते शिकवलं जातं. आणि शिकवलेलं असल्यामुळेच गावागावात, घराघरात वेगवेगळं असतं.

हे शिक्षण शाळेच्या किती तरी आधी सुरू होतं. मुलगी रडली तर ‘सासरी काय करशील?’ मुलगा रडला तर ‘मुलगी आहेस का?’ मुलीने दुसऱ्यांदा बोटी मागितली तर ‘भावाला ठेव’. मुलगी चार-पाच वर्षांची झाली की शेजारणी कौतुकाने म्हणतात, ‘पराया धन है’. बोलणारीच्या मनात माया असते, पण मुलगी शब्द ऐकते. ती कुणाचं तरी धन आहे, तिचं स्वतःचं धन असू शकतं हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

दोन भाषा शिकवते म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. मराठीत बाईला माहेर आणि सासर असतं, उर्दूत मायका आणि ससुराल. दोन्ही शब्द कुणाच्या तरी नावाने आहेत. पुरुषाला माहेर हा शब्दच नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. त्याचं असतं ते नुसतं ‘घर’.

घरातल्या कामाचंही तसंच. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या सहा वर्षांवरील व्यक्तींचा दिवस कसा जातो हे मोजलं होतं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या 81.2 टक्के, पुरुष 26.1 टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषाचा 97 मिनिटं. म्हणजे घर उभं ठेवण्यासाठी बाई रोज जवळजवळ पाच तास देते, आणि घर नावावर करायची वेळ आली की ती पाहुणी ठरते.

पाठ्यपुस्तकं आता हळूहळू बदलत आहेत. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. प्राथमिक विभागातल्या माझ्या एका मैत्रिणीने ते चित्र वर्गात दाखवलं, तर एका मुलाने विचारलं, ‘टीचर, याच्या अब्बांना आज सुट्टी आहे का?’ पुस्तकातलं चित्र एक पान आहे. घरातलं चित्र रोज तीन वेळा जेवणाच्या वेळी दिसतं.

आणि हे घरातलं चित्र काढतं कोण? बऱ्याचदा आपणच, आया. मी स्वतः कित्येक वर्षं मुलीला भांड्यांना बोलावत होते आणि मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणत होते. दोघांची परीक्षा एकाच आठवड्यात असायची.

भाऊही शिकूनच मोठा होतो

एकट्या भावांना दोष देऊन हा विषय संपत नाही. मुलालाही लहानपणापासून एक धडा मिळतो. बहिणींची लग्नं तुला करायची आहेत, अम्मी-अब्बांना तुला सांभाळायचं आहे, घर तुझ्या खांद्यावर आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरावर लग्नाचं कर्ज पडतं. तो आखाती देशात जातो, गॅरेजमध्ये राबतो, स्वतःचं शिक्षण सोडतो. मग हिस्स्याची गोष्ट निघाली की त्याला मनापासून वाटतं, ‘मी इतकं केलं, अजून काय द्यायचं?’

त्याची तक्रार खोटी नाही. पण हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला आहे. ‘लग्नात दिलं की’ हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण. जहेज, हॉलचं भाडं, चारशे माणसांचं जेवण, हा खर्च समाजाच्या दडपणाखाली झाला. त्यातलं बरंचसं सासरी गेलं, बरंचसं एका दुपारी खाऊन संपलं. मुलाच्या लग्नातही वलिमा झाला, दागिने झाले, खोली बांधली गेली. तो खर्च त्याच्या हिश्श्यातून कुणी वजा केला? शिवाय विरासत ही मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेची असते. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचं बिल तिच्यातून वळतं करून घेण्याची सोय दीनमध्ये नाही.

खरं तर जहेज थांबवणं आणि हिस्सा देणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. लग्नावर उधळायला नको, त्यासाठी भावाला कर्ज काढायला नको, आणि बहिणीचा जो हक्क आहे तो तिला मिळावा. आपण मात्र जे दीनने सांगितलं नाही ते कर्ज काढून करतो, आणि जे फर्ज आहे ते ‘बघू नंतर’ म्हणून ठेवून देतो.

सअद (रजि.) यांच्या दोन मुली

हदीसच्या ग्रंथांत हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेला एक प्रसंग आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद या दोन्ही संग्रहांत तो आढळतो. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत, म्हणजे हिजरी सन 3 मध्ये शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. अरबांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. जो लढाईला जाऊ शकतो तोच वारस, मग मुलींना कसला हिस्सा, असा तो रिवाज.

सअद यांची पत्नी गप्प बसली नाही. दोन्ही मुलींना घेऊन ती थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली. मुलींचे वडील शहीद झाले, चुलत्याने काही ठेवलं नाही, आता यांची लग्नं कशी होणार, असं तिने स्पष्ट विचारलं. प्रेषितांनी (स.) तिला ‘मोठं मन कर’ असं सांगितलं नाही. ‘भावकीत कशाला वाद?’ असंही म्हटलं नाही. अल्लाह याचा निर्णय करील असं ते म्हणाले, आणि विरासतीच्या आयती अवतरल्या. मग प्रेषितांनी (स.) त्या चुलत्याला बोलावून हुकूम दिला की दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला, आणि उरलेलं तुझं. मालमत्तेचे चोवीस भाग केले तर सोळा मुलींचे, तीन आईचे आणि पाच चुलत्याचे. सकाळपर्यंत ज्याच्याकडे सगळं होतं, त्याच्याकडे चोवीसातले पाच राहिले.

मी हा प्रसंग वर्गातल्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते त्या आईचं. ती मागायला गेली, आणि तिच्या मागण्याला कुणी लालूच म्हटलं नाही.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडील आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा हिस्सा आहे तसाच स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की जास्त, आणि तो ठरवून दिलेला आहे, असं सांगितलं आहे. ‘थोडी असो’ हे महत्त्वाचं. आपल्याकडे ‘दोन खोल्यांचं घर, त्यात काय वाटायचं?’ असं म्हणतात, त्याचं उत्तर तिथेच आहे. अकराव्या आणि बाराव्या आयतीत हिस्से मोजून दिले आहेत, आणि लगेच पुढच्या दोन आयतींत या अल्लाहच्या मर्यादा असल्याचं सांगून त्या ओलांडणाऱ्याला कडक इशारा आहे. नमाज कशी पढायची याचा तपशील कुरआनमध्ये नाही, तो आपण सुन्नतमधून घेतो. विरासतीचा हिशेब मात्र अपूर्णांकांसकट कुरआनमध्ये आहे.

घरकामाबद्दलही तेच. प्रेषित (स.) घरी असताना काय करत, असं हजरत आयशा (रजि.) यांना विचारलं गेलं, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं त्यांनी सांगितलं. हे बुखारीत आहे. स्वतःचे कपडे शिवणं, चप्पल दुरुस्त करणं याचे उल्लेखही हदीसमध्ये आहेत. दाढी आणि मिसवाकची सुन्नत आपण आवर्जून सांगतो. ही सुन्नत जुम्याच्या बयानात मी अजून तरी ऐकलेली नाही.

रिवाज जेव्हा कोर्टात जिंकला

हा झगडा आजचा नाही. 1847 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन जमातींची प्रकरणं आली. मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला होता. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की आमच्या जमातीत पूर्वीपासून मुलींना हिस्सा देण्याचा रिवाज नाही. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रिवाजाच्या बाजूने कौल दिला. मुली कुरआनचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि मुसलमान म्हणवणाऱ्या घरांतल्या पुरुषांनी रिवाजाचा आधार घेतला, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणावं. रिवाज जिंकला आणि मुली रिकाम्या हाती परतल्या.

पंजाबसारख्या भागांतही मुसलमान जमीनदार घराण्यांत मुलींना वगळणारा रिवाजच चालत असे. पुढे 1937 मध्ये शरियत अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅक्ट झाला, तो या रिवाजांच्या जागी शरियत लागू करण्यासाठी. त्या विधेयकाच्या उद्देशातच रिवाजी कायद्याखाली मुस्लिम स्त्रीची अवस्था लाजिरवाणी असल्याचं आणि मुस्लिम महिला संघटनांनी त्या कायद्याचा निषेध केल्याचं नमूद होतं. म्हणजे ज्या कायद्याचं नाव आपण आज इतक्या अभिमानाने घेतो, त्याच्या मुळाशी मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न होता. तरीही कलम 2 मधून शेतजमीन वगळली गेली. जिथे खरी मालमत्ता होती, तिथेच फट राहिली.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की ‘आपल्यात असंच असतं’ हे वाक्य ऐकलं की विचारावं, ‘आपल्यात’ म्हणजे दीनमध्ये की रिवाजात? दोन्ही एकच आहेत असं समजण्यात मुलींचं दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं नुकसान झालं आहे.

अर्धा हिस्सा

इथे एक प्रश्न हमखास येतो. शाळेतल्या माझ्या सहकारी मैत्रिणीही विचारतात, ‘तुमच्यात मुलीला अर्धाच ना?’ त्यावर उलमा सांगतात की मुलाच्या दुप्पट हिश्श्यासोबत त्याच्यावर बायको-मुलांचा खर्च, मेहर, गरज पडली तर आई-बहिणीचा सांभाळ ही जबाबदारीही येते, तर मुलीचं जे आहे ते पूर्ण तिचं असतं, घरावर खर्च करण्याची तिच्यावर सक्ती नसते. ही मांडणी मला समजते. पण ती मांडणाऱ्यांना मी नम्रपणे सांगेन की आपण दुप्पट हिस्सा घेतला, जबाबदारीची वेळ आली की ‘महागाई आहे’ म्हटलं, आणि मुलीचा अर्धाही ठेवून घेतला. अर्धा न्याय्य की अयोग्य याची चर्चा करायला आधी तो अर्धा द्यायला तरी हवा. आज बहुतेक घरांत मुलीला मिळतं ते अर्धं नाही, शून्य आहे.

साधा हिशेब पाहा. वडिलांमागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. आधी कफन-दफनचा खर्च आणि कर्ज भागवायचं. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जच आहे. वसीयत असेल तर तिची मर्यादा एक तृतीयांश. हे सगळं जाऊन समजा 48 लाखांची मालमत्ता उरली. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे 6 लाख. राहिलेल्या 42 लाखांचे सहा भाग. दोन्ही मुलांना प्रत्येकी 14 लाख, दोन्ही मुलींना प्रत्येकी 7 लाख. पाचवी-सहावीचं गणित आहे. आमच्या शाळेत अपूर्णांक शिकवताना मी गणिताच्या सरांना हेच उदाहरण द्यायला सांगते.

खुशीने सोडला म्हणजे काय?

‘पण बहिणींनी खुशीने सोडला’ असं म्हटलं जातं. आपला हक्क कुणीही खुशीने सोडू शकतो, हे खरं. पण खुशी ओळखायची कशी? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. तिचा हिस्सा किती होता हे तिला आकड्यात माहीत होतं का? तिला विचार करायला वेळ दिला होता का? आणि ती ‘नाही’ म्हणाली असती तर ईदला तिला त्याच मायेने बोलावलं गेलं असतं का?

माझ्या सहीला हे तीन प्रश्न लावले तर तिन्हींचं उत्तर मला माहीत आहे. माहेर तुटेल ही भीती प्रत्येक बहिणीच्या पोटात असते. नवऱ्याशी बिनसलं, आजारपण आलं, विधवा झाले तर जाणार कुठे? त्या एका दारासाठी ती आपला हक्क देऊन टाकते. म्हणजे मोठं मन राहतं बाजूला, ती विम्याचा हप्ता भरत असते. आणि गंमत अशी की जिला खरोखर परत यावं लागतं, तिला त्या दारात पाहुणी म्हणूनच उभं राहावं लागतं.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर धाकट्या भावाजवळ मी हा विषय काढला. भांडायला नाही, नुसतं बोलायला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आपा, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हीच म्हणालात, मला काही नको.’ मी म्हटलं, ‘खरं आहे. पण तुला काय हवं, असं मला कुणी विचारलं होतं का?’ त्यावर तोही काही बोलला नाही. विषय तिथेच थांबला आहे. त्याने पुढे काय करावं हे तो आणि त्याचा अल्लाह पाहील. मी मात्र माझ्या घरात काय करायचं ते ठरवलं आहे.

आपल्या हातात काय आहे

पहिलं, विषय घरात उघडा करायचा, आणि तो हयातीत, सगळे एकत्र असताना. मृत्यूनंतर दुःखाच्या दिवसांत बहिणीसमोर कागद ठेवणं हा कुणाच्याच हिताचा मार्ग नाही. घरात काय आहे, कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती आहे, मेहर दिला आहे का, हे बायकोला आणि मुलींना माहीत असावं.

दुसरं, हयातीत मुलांना काही द्यायचं तर बरोबरीने द्यावं. हजरत नोअमान बिन बशीर (रजि.) यांना वडिलांनी एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार करायला गेले, तेव्हा सगळ्या मुलांना असंच दिलं आहेस का, असं प्रेषितांनी (स.) विचारलं, आणि अल्लाहला भिऊन मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. मुलींना वगळून अख्खं घर मुलांच्या नावे हिबा करून ठेवणाऱ्या वडिलांनी ही हदीस जरूर वाचावी.

तिसरं, कागद. वडिलांच्या मृत्यूनंतर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, तेव्हा सगळ्या वारसांची नावं दिली आहेत का, हे मुलींनी स्वतः पाहावं. पुष्कळ ठिकाणी बहिणींची नावं पहिल्याच अर्जात गाळली जातात, आणि मग त्या कधी होत्या हेच सातबारावर दिसत नाही. फेरफाराची नोटीस आली तर ती वाचावी, हरकत घ्यायची मुदत असते. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत लागतो. म्हणजे दुय्यम निबंधकासमोर सही करण्याआधी थांबायची, वाचायची, विचारायची संधी असते. ‘घरी नेऊन वाचते’ एवढं म्हणणं म्हणजे भावाचा अपमान नाही.

चौथं, आणि माझ्या मते हेच मुळाशी आहे, रोजचं जेवण. ज्या मुलीला ताटातली बोटी मागता येत नाही, तिला जमिनीतला हिस्सा मागता येणार नाही. ज्या मुलाने बहिणीच्या हातून पाणी पिण्यापलीकडे काही पाहिलं नाही, त्याला तिच्या हक्काची आठवण रजिस्ट्री ऑफिसात अचानक होणार नाही. आमच्या घरात आता भांड्यांचे वार लावले आहेत. मुलगा सुरुवातीला कुरकुरला. सासूबाईही म्हणाल्या, ‘पोराच्या हातात भांडी काय देतेस?’ मी त्यांना हजरत आयशा (रजि.) यांची ती हदीस वाचून दाखवली. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ सत्तरी ओलांडलेल्या, पाच वक्ताची नमाज कधी न चुकलेल्या बाईचं हे बोलणं मला फार लागलं.

आणि मुलीला मी सांगून ठेवलं आहे की या घरात तुझा हिस्सा आहे. तो किती आहे हे तिने स्वतः वहीत मांडून काढलं. तिचा भाऊ शेजारीच बसला होता. त्याने तिची बेरीज तपासली.

त्या आठवीतल्या मुलीची वही मी परत मागून घेतली होती. गुण बदलले नाहीत. खाली फक्त एक ओळ लिहिली, ‘हे घर तुझेही आहे. सूरह निसा, आयत 7, घरी अब्बांसोबत बसून वाच.’ तिने ती वाचली का, तिच्या अब्बांना काय वाटलं, मी विचारलेलं नाही. ती यंदा नववीत आहे. यंदाही पहिल्या घटकानंतर मी वर्गाला निबंध देणार आहे, आणि विषय तोच ठेवणार आहे.